आजोबा, तुम्ही रागावलात का?

‘ताई, सप्रेम नमस्कार.

नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात ३१ वर्षं काढली. बहुतेक सगळी नोकरी प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या खात्यात, शेवटची १२ वर्षं फोरमन. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. सिडकोत राहतो. घरात मी, मिसेस, मुलगा, सूनबाई आणि चार वर्षांची नात. आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही, मुलावर हात उचलला नाही. राग आला तर गप्प बसतो. दोन दिवस, चार दिवस, पण तोंडातून वाकडा शब्द काढत नाही. तरी मी दार उघडून आत आलो की घरातलं हसणं-खिदळणं थांबतं. नात तर रोज विचारते, “आजोबा, तुम्ही रागावलात का?” मी नाही म्हणतो, तरी ती आईच्या मागे लपते. परवा मिसेस म्हणाली, “तुम्ही बोलत नाही, पण तुमचं तोंड बोलतं.” वर तिचं म्हणणं, की हाक मारली तरी मी ओ देत नाही, टीव्ही मोठा लावतो आणि सूनबाईशी बोलताना कपाळाला आठ्या घालतो.

मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. माणसाचं ९३ टक्के बोलणं म्हणे शब्दांशिवायच होतं. म्हणजे जे मी बोललोच नाही त्याची मला शिक्षा? त्याच व्हिडिओत होतं, की नजरेला नजर न देणारा माणूस काहीतरी लपवत असतो. सूनबाई माझ्याशी बोलताना कायम खाली बघते. मग तिच्या मनात काय असेल?

प्रेस शॉपमध्ये आवाज इतका, की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. मूठ वर केली की मशीन बंद, बोट फिरवलं की चालू. तिथे कधी कुणाचा गैरसमज झाला नाही. घरातच का होतो? साठीनंतर चेहरा कसा बदलायचा, ते सांगा.

— एक निवृत्त फोरमन, सिडको’

भाऊ, नमस्कार.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, की हा स्वभावाचा मामला आहे. दुसऱ्यांदा वाचताना दोन ओळींपाशी अडखळले. एक तुमची: प्रेस शॉपमध्ये आवाज इतका, की हातवाऱ्यांनी बोलायचो. दुसरी वहिनींची: हाक मारली तरी ओ देत नाहीत, टीव्ही मोठा लावतात. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हे सांगते, की कान तपासून घ्या. याच आठवड्यात. सिव्हिलमध्ये जा, नाहीतर ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘ऑडिओमेट्री करायची आहे, ३१ वर्षं कारखान्यात होतो, त्यातली बहुतेक प्रेस शॉपला’ एवढंच सांगा. पुढचं त्यांना कळेल.

आवाजाने कान एका दिवसात जात नाहीत, वर्षानुवर्षं झिजतात. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. आपल्याकडे कारखान्यात ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा धरतात, आणि पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये आवाज तिच्या वर सहज जातो. १९४८च्या कारखाने अधिनियमात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती, तिच्यात आवाजाने येणारा बहिरेपणा होताच. या बहिरेपणाची रीत मात्र फसवी असते. सगळा आवाज सारखा कमी होत नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे उंच पट्टीतला भाग जातो. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं पुसट होतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळात बारीक, त्यात मागे कुकर, पंखा आणि टीव्ही. तुमच्या घरात ज्यांचं बोलणं तुमच्यापर्यंत सगळ्यात कमी पोचत असेल, त्या नेमक्या सूनबाई आणि नात असणार. कट्ट्यावरच्या मित्रांचं जाड्या आवाजातलं बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून माणसाला वाटतं, की माझे कान ठणठणीत आहेत, घरचेच पुटपुटतात.

आता ज्याला नीट ऐकू येत नाही तो माणूस काय करतो ते आठवून बघा. मान पुढे काढतो. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. कपाळाला आठ्या पडतात, कारण ऐकणं हेच त्याच्यासाठी कष्टाचं काम झालेलं असतं. उत्तर उशिरा देतो, कधी देतच नाही. दोनदा ‘काय?’ म्हणून झालं की तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग नुसतं ‘हं’ म्हणून विषय तोडतो. बघणाऱ्याला यातली एकेक गोष्ट रागासारखी दिसते. जाता जाता चष्म्याचा नंबरही बघून घ्या. जवळचं धूसर दिसायला लागलं की माणूस डोळे बारीक करतो, आणि आजोबांचे बारीक केलेले डोळे चार वर्षांच्या पोरीला वटारलेलेच वाटतात.

हे इतक्या ठामपणे लिहिते, त्याला माझ्या घरातलं एक कारण आहे. माझे वडील संध्याकाळी कामावरून आले की दाराशी चपला काढायचे. चपला आपटल्याचा आवाज आला, की आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. हळू काढल्या, तर खेळ चालू ठेवायचो. आमचं बालपण त्या आवाजावर कान ठेवून गेलं. पुढे मी चाळिशीला आले, ते सत्तरीच्या पुढे गेले, तेव्हा एकदा विचारलं, ‘अण्णा, तुम्ही तेव्हा रोज एवढे कशाला चिडलेले असायचात?’ त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले, ‘चिडलेला? अगं, टाच दुखायची. चप्पल झटकून काढली की बरं वाटायचं.’ त्या रात्री मला झोप आली नाही. चप्पल खरंच आपटत होती. दुखणंही खरं होतं. मधला राग आम्ही घातला होता, आणि त्या रागाला घाबरून आम्ही त्यांच्याजवळ जायचं टाळत आलो होतो.

अंगाच्या बोलण्यात हीच अडचण आहे, भाऊ. काहीतरी बिनसलंय एवढं ते नेमकं सांगतं. काय बिनसलंय, ते सांगत नाही. ती रिकामी जागा बघणारा आपापल्या भीतीने भरून काढतो.

प्रेस शॉपमध्ये गैरसमज का झाले नाहीत, हे तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. तिथली मूठ आणि तिथलं बोट हे आधी ठरवलेले इशारे होते. नवा हेल्पर आला, की मशीनला हात लावायच्या आधी तुम्ही त्याला ते शिकवत असाल. ते शब्दच होते, फक्त हाताने काढलेले. पूर्वी बाजारात व्यापारी आणि अडते उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे, ती हत्ता पद्धतही अशीच. कुठलं बोट म्हणजे किती, हे दोघांनाही ठाऊक असायचं. ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला मात्र ती बोटं दिसायची नाहीत. नियंत्रित बाजार आले तेव्हा ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणले, ते त्यासाठीच. तुमच्या घरात आठीचा अर्थ कुणीच ठरवलेला नाही. तुम्हाला तो एक माहीत आहे, घरच्यांना दुसरा, आणि सगळा व्यवहार उपरण्याखाली चाललाय.

आता जे लिहिते ते थोडं झोंबेल. कानांमुळे बरंच काही झालं असेल, पण ‘दोन दिवस, चार दिवस गप्प बसतो’ हे कानांमुळे झालेलं नाही. तुम्ही त्याला गप्प बसणं म्हणता. मराठीत त्याला वेगळा शब्द आहे, अबोला. मौन माणूस स्वतःसाठी पाळतो, अबोला मात्र कुणाशी तरी धरावा लागतो. त्या चार दिवसांत वहिनींनी काय काय ऐकलं असेल? तांब्या टेकवल्याचा आवाज. पेपरचं पान उलटल्याचा आवाज. ताटात राहिलेली भाजी. खोलीतून उठून गेलेली पावलं. शिवीत निदान कशाबद्दल राग आहे ते तरी कळतं. अबोल्यात आपला गुन्हा कोणता हेही समोरच्याने स्वतःच शोधायचं असतं, आणि तो शोधताना बाई गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या चुका उकरून काढते. तुम्ही हात उचलला नाहीत, तोंड खराब केलं नाहीत, ही साधी गोष्ट नाही. तुमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत ती झाली नाही. त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण ‘मी तर काहीच बोललो नाही’ असं यापुढे म्हणू नका. चार-चार दिवस बोललात, आणि घरातल्या प्रत्येकाने ते ऐकलं.

राग येणारच. शांत व्हायला वेळही लागणार. फक्त तो वेळ सांगून घ्या. ‘मला आत्ता राग आलाय. आत्ता बोललो तर वेडंवाकडं बोलेन. संध्याकाळी चहाला बोलू.’ आणि संध्याकाळी चहाला खरंच बोला, नाहीतर या वाक्याचीही पुढच्या वेळी धास्ती वाटेल.

तुम्ही म्हणाल, मी काही मुद्दाम रागीट चेहरा करत नाही, माझा चेहरा नुसता कोरा असतो. कोरा चेहरा लहान मुलाला साधा वाटत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळत असते, हसत-बोलत असते. मग तिला सांगतात, की दोन-एक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवा, बाळाकडे बघा, पण प्रतिसाद देऊ नका. काही महिन्यांचं ते बाळ आधी हसून बघतं. हात पुढे करतं, आवाज काढतं, जे जे केल्यावर आई हसायची ते सगळं करून बघतं. तरी काही होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, चुळबुळतं, रडायला लागतं. आई रागावलेली नव्हती, तिने काही वाईटही केलं नव्हतं. बाळाला एवढंच पाहिजे होतं, की माझं तुझ्यापर्यंत पोचतंय हे तुझ्या चेहऱ्यावर दिसू दे. तुमची नात आईच्या मागे लपते ती यामुळेच असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तिने काहीतरी दाखवायला आणावं, ते तुम्हाला नीट ऐकू न यावं, तुमचा चेहरा तसाच राहावा, आणि तिने मान फिरवावी, हे रोज घडत असेल तर मला नवल वाटणार नाही.

त्यात सिडकोतली घरं. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६मध्ये माणसांमधल्या अंतराचा हिशोब मांडला होता. साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत फक्त अगदी जिवाभावाची माणसं, सव्वा मीटरपर्यंत मित्र-स्नेही, त्यापलीकडे कामापुरती माणसं. तो त्याच्या देशातल्या लोकांकडे बघून मांडलेला. आपल्या स्वयंपाकघरात ओट्याजवळून फ्रिजकडे जायचं तर सासऱ्याला सुनेच्या आणि सुनेला सासऱ्याच्या त्या ४५ सेंटीमीटरमधूनच जावं लागतं. एवढ्याशा जागेत एकाने टाकलेला सुस्कारा पाचही जणांच्या अंगावर येतो. बंगल्यातला अबोला आणि सिडकोच्या फ्लॅटमधला अबोला यांच्या वजनात फरक आहे.

व्हिडिओतल्या ९३ टक्क्यांबद्दल. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७मधल्या प्रयोगांतून आला. ‘कदाचित’सारखे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही ते ओळखायला लावायचं, अशा स्वरूपाचे ते प्रयोग होते. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला, की शब्दांचा वाटा ७, आवाजाचा ३८, चेहऱ्याचा ५५. हे फक्त भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतं आहे, सगळ्या बोलण्याला लावू नका, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. तरी आकडा सुटला तो सुटलाच. खात्री करायची असेल तर ‘उद्या सकाळी दहाला गॅसवाला येणार आहे, पैसे देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत’ हे वहिनींना नुसत्या चेहऱ्याने सांगून बघा.

म्हणून चेहऱ्याचं महत्त्व कमी होत नाही. आपल्या नाट्यशास्त्रात भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक म्हणजे अंगाने केलेला, वाचिक म्हणजे वाणीने, आहार्य म्हणजे वेशभूषेने आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाने. तोंडाने बोलणं हा त्यातला एक. शब्द एक सांगतात आणि सूर दुसरं, असं झालं की आपण सुरावरच विश्वास ठेवतो, हेही खरंच आहे. एक ‘बरं’ घ्या. लांबवलेलं ‘बरंऽ’ म्हणजे ऐकतोय, सांग पुढे. तुटक ‘बरं’ म्हणजे पुरे झालं. खालच्या पट्टीतलं ‘बरं बरं’ म्हणजे बघून घेईन. तुम्ही नातीला ‘नाही रागावलो’ म्हणता, ते यातल्या कुठल्या सुरात म्हणता? फोरमनच्या सुरात म्हणत असाल, तर पोरगी सुराचंच ऐकणार.

सूनबाईंच्या नजरेबद्दल जे वाटलं ते मात्र मनातून काढून टाका, आजच. वडीलधाऱ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायची, हे आपल्याकडे मुलींना अजूनही शिकवतात. सासऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून बोलली असती तर त्याचंही कुणीतरी काहीतरी केलंच असतं. शिवाय तुम्ही टक लावून बघता तेव्हा ती खाली बघते, असंही असेल. नजर, नाक खाजवणं, हाताची घडी यांवरून खोटं पकडता येतं, हा समज तर तपासून झालेला आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. खरं कोण आणि खोटं कोण बोलतंय हे ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तर ५० टक्के येतं. एवढ्याशा भरवशावर घरातल्या मुलीवर संशय घ्यायचा का? तुमच्या आठीचा उलटा अर्थ लावला म्हणून तुम्हाला लागलं ना? तिच्या खाली गेलेल्या नजरेलाही तोच न्याय द्या.

साठीनंतर चेहरा कसा बदलायचा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बदलू नका. आरशापुढे हसायचा सराव तर अजिबात नको. १८६२मध्येच द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं, की मनापासून हसताना ओठांच्या स्नायूंबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो, आणि तो हुकमाने हलवणं बहुतेकांना जड जातं. नुसते दात दाखवलेत तर नात जास्तच घाबरेल.

चेहऱ्याला शब्दांची जोड द्या, तेवढं पुरेल. पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, तुमच्या घरापासून फार लांब नाही. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, आणि त्यांची चित्रपट कंपनी नाशकात होती. त्यांचे गाजलेले चित्रपट मूक. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोघांचं काम केलं. वेश, चाल आणि चेहरा बदलून! चेहऱ्यावर इतका भरवसा ठेवणारे ते लोक, पण त्यांनाही मध्ये मध्ये अक्षरांची पाटी दाखवावी लागायची, नाहीतर प्रेक्षकाला गोष्ट कळायची नाही. तुमच्या चित्रपटात ती पाटीच राहून गेली आहे. दारातून आत आलात, की पहिल्या अर्ध्या मिनिटात पाटी लावा. ‘उन्हाने डोकं चढलंय, जरा पडतो.’ ‘भाजी घेताना रविवार कारंज्यावर गर्दीत वैताग आला.’ ‘ऐकू नाही आलं गं, इकडे येऊन पुन्हा सांग.’ तुमच्या आठीचा अर्थ तुम्ही सांगितलात, की तो दुसऱ्या कुणाला शोधावा लागणार नाही. पहिले आठ दिवस स्वतःलाच नाटकी वाटेल. प्रेस शॉपला नव्या पोराला इशारे शिकवताना त्यालाही तसंच वाटलं असेल.

ते इशारेही घरात आणा. मी खरंच म्हणते. नातीला मूठ वर करायला शिकवा, बोट फिरवायला शिकवा. तिने मूठ वर केली की आजोबांनी जागच्या जागी थांबायचं. तुम्ही आयुष्यभर जी भाषा बोललात, ती त्या घरात अजून कुणी ऐकलेलीच नाही. त्यातच दादासाहेबांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ तिला दाखवा. बराचसा टिकून आहे, मोबाइलवर मिळेल. त्यात बाळकृष्ण झालीये दादासाहेबांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, सात-एक वर्षांची. चित्रपटाच्या सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्यावरचे भाव दाखवलेत, एकामागून एक. प्रत्येक भावावर थांबवा आणि नातीला विचारा, ही आता काय झालीये? मग तिला तुमचा चेहरा ओळखू द्या. चुकली तर खरा अर्थ सांगा. तुमची ओळखायची पाळी आली की तुम्हीही चुकाल, ते तिला फार आवडेल.

हे खेळ उभ्याने किंवा खुर्चीत बसून करू नका. चार वर्षांची पोर साधारण एक मीटर उंच असते. तुमचा चेहरा तिला खालून दिसतो, नाकपुड्या आणि हनुवटी आधी. गुडघे दुखत नसतील तर खाली जमिनीवर बसा, दुखत असतील तर पाट घ्या. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा.

एक गोष्ट वहिनींना आणि मुलाला विचारून घ्या. तुमचा चेहरा पहिल्यापासून असाच आहे, की अलीकडे वर्षा-दोन वर्षांत असा झालाय? अलीकडेच झाला असेल, पापण्या कमी लवत असतील, चालताना एक हात हलत नसेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पार्किन्सनच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू हळूहळू मंद होतात आणि माणूस मनातून आनंदी असला तरी चेहरा थिजलेला दिसतो. रिटायर झाल्यापासून कशातच मन लागत नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पत्रात मला तुमची फक्त अक्षरं दिसली, तुम्ही दिसला नाहीत.

कानाची तपासणी झाली आणि यंत्र लावा म्हणाले, तर लावा. सुरुवातीला भांड्यांचा आवाज कानात खणखणेल, कागद चुरगळला तरी दचकाल, आणि पुष्कळ लोक याच पायरीवर यंत्र डबीत ठेवून देतात. काही आठवडे धीर धरा. घरच्यांनाही सांगा, की पाठीमागून किंवा दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका, समोर येऊन बोला, तोंडावर उजेड असू दे. ओरडून बोलायची गरज नसते. ओरडताना त्यांचाही चेहरा रागीट होतो, मग रागावलेला कोण हेच कळेनासं होतं.

राहता राहिली नात. तुम्हाला तिच्या रोजच्या प्रश्नाचा त्रास होतो, आणि मला वाटतं, की तुमच्या घरात तेवढी एकच जण बरोबर वागतेय. वहिनींनी, मुलाने, सूनबाईंनी तुमच्या चेहऱ्याचा अर्थ परस्पर लावून टाकला. आम्ही भावंडांनीही अण्णांच्या चपलांचा लावला होता, आणि माझी चाळिशी येईपर्यंत विचारलं नाही. ती मात्र येऊन विचारते. तिला ‘नाही’ म्हणून परत पाठवू नका. खाली बसा, आणि जे असेल ते सांगा: पाय दुखतायत, झोप झाली नाही, आईशी भांडण झालंय पण तुझ्यावर राग नाही. आणि तिने काय विचारलं तेच नीट ऐकू आलं नसेल, तर आधी तेही सांगा, आणि तिला पुन्हा विचारू द्या.